एका छपराखाली तांबं, दोन छपरांत काच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मे महिन्यात जाणं झालं. पुढे ऑफिस, मागे गोडाऊन, मधे मागांचं लांबलचक शेड. मालकांची तक्रार विचित्र होती. ऑफिसातला कॉम्प्युटर आणि गोडाऊनमधला कॉम्प्युटर सकाळी एकमेकांशी बरे बोलतात, अकरा वाजले की बोबडं बोलायला लागतात आणि दुपारी दोनला गप्प. दिवस कलला की पुन्हा सुरू. "केबल टाकलीय की सर, दिवा पण लागतोय. मग अडतंय कुठं?" माझ्याआधी येऊन गेलेल्या दोघांनी कॉम्प्युटर बदला असं सांगितलं होतं. एक बदलूनही झाला होता.

केबल कुठून कुठं गेलीय ते बघितलं. ऑफिसच्या खिडकीतून बाहेर, शेडच्या पत्र्यावरून सरळ, मागच्या बाजूला उतरून गोडाऊनमध्ये. निळी, घरात वापरतात तसली साधी केबल. नेटवर्कच्या केबलवर ठरावीक अंतरानं मीटरचा आकडा छापलेला असतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. ऑफिसच्या टोकाला २९१ दिसला, गोडाऊनच्या टोकाला १४५. म्हणजे १४६ मीटर. टेप लावायचीही गरज पडली नाही. अर्धं उत्तर तिथंच मिळालं, उरलेलं अर्धं पत्र्यावर तापत पडलं होतं.

दोन कॉम्प्युटर लांबलांब आहेत, कुठली केबल घेऊ, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणाऱ्याला वाटतं, उत्तर दुकानात आहे. खरं तर ते वाटेवर असतं. केबल किती लांब जाणार, कशावरून जाणार आणि दोन्ही टोकं एकाच इमारतीत आहेत का, एवढं सांगा. यातल्या तिसऱ्या प्रश्नाला लोक सगळ्यात कमी किंमत देतात आणि माझा निर्णय बहुतेक वेळा त्याच्यावरच होतो.

आधी लांबी. तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या किंवा पाइपातल्या पक्क्या केबलचे, आणि दोन्ही टोकांना लावायच्या मऊ पॅच कॉर्ड मिळून १०. कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलची प्रत. कॅट फाइव्ह ई घ्या, कॅट सिक्स घ्या, कॅट सिक्स ए घ्या, हद्द तीच. "कॅट सिक्स टाकली की लांब जाते" हे मी दुकानदारांच्या तोंडूनही ऐकलंय, पण ते खरं नाही. कॅटचा आकडा वाढला की केबल जास्त वेगाचा माल उचलते, जास्त लांब नेत नाही. कॅट फाइव्ह ई १०० मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते, कॅट सिक्स २५० पर्यंत, सिक्स ए ५०० पर्यंत. साध्या १ गिगाबिटला कॅट फाइव्ह ई पूर्ण १०० मीटर पुरते. १० गिगाबिट हवं असेल तर मात्र कॅट सिक्स साधारण ५५ मीटरवर दम टाकते आणि शंभर मीटरसाठी सिक्स ए लागते. कारखान्याच्या ऑफिसात १० गिगाबिट कशाला लागतं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

शंभरच का? कारण सिग्नल वाटेत झिजतो. कॅट फाइव्ह ईमध्ये १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल १०० मीटर गेला की सुमारे २२ डेसिबल उतरतो. डेसिबलची भाषा सोडून देऊ. ऑफिसातून दीडशे पोती निघाली तर गोडाऊनमध्ये एक पोहोचतं, असा हा हिशेब आहे. पलीकडची चिप हुशार असते, त्या एका पोत्यावरून ती सगळा माल ओळखते. पण पुढच्या शंभर मीटरला पुन्हा दीडशेत एक. दोनशे मीटरला दीडशे गुणिले दीडशे, म्हणजे साडेबावीस हजारांत एक. लांबी दुप्पट झाली की सिग्नल निम्मा होईल, असं आपल्याला वाटतं. तो निम्मा होत नाही, जवळजवळ नाहीसाच होतो.

आणि पोहोचतो तो एकटाही नसतो. वाटेतला गोंगाट बरोबर घेऊन येतो: मोटारींचा, वेल्डिंगचा, शेजारच्या विजेच्या तारेचा, आणि त्याच केबलमधल्या दुसऱ्या जोड्यांचा. यावर केबलमध्येच एक इलाज करून ठेवलेला असतो आणि तो सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. पीळ. केबल सोला, आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. एका तारेतून अधिक १ पाठवला की जोडीदारातून उणे १ जातो. घेणारा दोघांतला फरक मोजतो: २. वाटेत ०.३ चा गोंगाट शिरला तर पीळ असल्यामुळे तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पहिली १.३ झाली, दुसरी उणे ०.७. फरक काढा, पुन्हा २. गोंगाट आपोआप वजा. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो, नाहीतर शेजारच्या जोड्या एकमेकींच्या कानात बोलल्या असत्या. म्हणून कनेक्टर लावताना काम सोपं जावं म्हणून कुणी दोन-तीन इंच पीळ उलगडून ठेवला की मी ते टोक कापून पुन्हा करतो. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही.

सूत आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतं. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, २३ गेज, २४ गेज, आणि नवा माणूस चोवीसला जाड समजतो. आपल्याकडं सुताचा काउंट कसा असतो? चाळीसचं सूत विसापेक्षा बारीक. गेजचंही तसंच. २४ गेज सुमारे ०.५१ मिलिमीटर, २३ गेज ०.५७. बाजारात पॅच कॉर्ड म्हणून २६ आणि २८ गेजच्या बारीक केबलीही मिळतात. टेबलावर ठीक, लांब ओढायला नाही.

आता पत्र्यावरची ती केबल. मी गोडाऊनच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळल्या आणि ऑफिसच्या टोकाला मल्टिमीटर लावला. चांगल्या तांब्याच्या केबलीत ही जाण्या-येण्याची फेरी शंभर मीटरला १९ ओहमच्या आत येते, १४६ मीटरला २८ च्या आत. मीटर ४१ दाखवत होता. म्हणजे तार तांब्याची नव्हतीच. आत अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात हिला सीसीए म्हणतात, आणि दुकानात विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं, दोन-चारदा वाकवलं की तुटतं, आणि कनेक्टरच्या दाताखाली हळूहळू सैल पडतं. विकणारा म्हणेल, वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या कातड्यावरूनच वाहतो, मग आत काय आहे त्यानं फरक काय पडतो? अर्धं खरं आहे. पण केबलीतून कॅमेऱ्याला वीजही पाठवायची झाली की ती पूर्ण तारेतून वाहते, आणि मग ती तार तापते. नेटवर्क केबलच्या मानकांत सीसीएला जागाच नाही. मल्टिमीटर नसेल तर तारेचं टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर केबल परत करा. ३०५ मीटरचं खोकं उचलूनसुद्धा कळतं, हाताला हलकं लागलं तर शंका घ्या.

आणि ऊन. मालकांच्या कोड्याचं उत्तर यातच होतं. केबलची सगळी मोजमापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. त्याच्या वर ४० अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के, आणि ४० ते ६० मध्ये प्रत्येक अंशाला ०.६ टक्के झीज वाढते. मे महिन्यात दुपारी सोलापुरातल्या पत्र्यावर हात ठेवून दाखवा. केबल ६० अंशांना पोहोचली असं धरलं तर आठ अधिक बारा, म्हणजे वीस टक्के जास्त झीज. शंभर मीटरची केबल एकशेवीस मीटरसारखी वागते. उलट बघितलं तर पत्र्यावरून जाणाऱ्या केबलची हद्द शंभर नसून ८३ च्या आसपास. इथं तर १४६ मीटर, त्यातही सीसीए. सकाळी ती कशीबशी काठावर तरून जात होती, उन्हं चढली की बुडत होती. शिवाय घरातल्या केबलचं निळं आवरण उन्हात दोन-तीन वर्षांत खडखडीत होऊन तडकतं. बाहेर टाकायची केबल काळ्या पॉलिथिनची असते, आणि तो काळा रंग शोभेचा नसतो, त्यातलं काजळ ऊन अडवतं.

"पण दिवा लागतोय की." लागणारच. दोन्ही टोकांना एकमेकांची ओळख पटवायला जे स्पंद जातात ते अगदी सावकाश आणि साधे असतात, फाटक्या केबलीतूनही पोहोचतात. दिवा म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, एवढंच. खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाचा लिंक स्पीड बघा. दोन्हीकडं गिगाबिटची कार्डं असून तिथं १०० एमबीपीएस दिसलं तर एखादी जोडी गेलीय किंवा केबल झेपत नाही, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि शंभरला दोनच पुरतात. मग एक चार-पाच जीबीची फाइल इकडून तिकडं टाका आणि त्याच वेळी पिंग, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरला सतत हाक मारणारी कमांड, चालू ठेवा. उत्तरं गळायला लागली तर दिव्यावर विश्वास ठेवू नका.

शंभरच्या वर जायचं तर जुगाड भरपूर आहेत. मध्ये एक स्विच, म्हणजे अनेक नेटवर्क केबली जोडायचा डबा, बसवला की पुन्हा शंभर मीटर मिळतात आणि नियमातही बसतं. पण त्या स्विचला वीज हवी, डबा हवा, आणि बंद लोखंडी डब्यात मे महिन्यात तो स्विच किती दिवस काढेल ते मी सांगायला नको. सीसीटीव्हीच्या बऱ्याच पीओई स्विचवर, म्हणजे केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या स्विचवर, 'एक्स्टेंड' असं एक बटण असतं. ते दाबलं की २५० मीटर जातं, पण वेग १० एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला चालेल, बिलाच्या सॉफ्टवेअरला नाही. यूएसबीच्या लांब केबलीबद्दलही विचारतात. यूएसबी २.० पाच मीटर, संपला विषय. गोडाऊनमधला वजनकाटा जुन्या सिरियल पोर्टवर असेल तर त्याची हद्द १५ मीटरच्या आसपास, पण तोच आरएस ४८५ या लांब पल्ल्याच्या सिरियल जोडणीवर बदलला तर १,२०० मीटरपर्यंत जातो. काट्याला आकडाच पाठवायचा असतो, त्याला घाई नसते.

हे सगळं झालं अंतराचं. समजा अंतर साठच मीटर आहे, सावलीतून पाइप जातो, केबल अस्सल तांब्याची आहे. तरीसुद्धा दोन वेगळ्या इमारतींमध्ये मी तांबं टाकत नाही. याचं कारण वळीव.

दुसऱ्या एका कारखान्यात असंच सत्तर मीटरचं काम होतं, केबल चांगली, जोडणी चांगली, दोन वर्षं बिनतक्रार चाललं. एका संध्याकाळी वळीव आला. वीज कुठं पडली ते नक्की कुणालाच माहीत नाही, कंपाउंडच्या बाहेर लिंबाच्या बाजूला असावी म्हणतात. केबलवर तर नक्कीच नाही. सकाळी ऑफिसातल्या स्विचचे पाच पोर्ट मेलेले, गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड मेलेलं, प्रिंटरही गेला. आकाशातली वीज थेट केबलवर पडावी लागत नाही. ती जमिनीत शिरते तेव्हा तिथल्या जमिनीचा व्होल्टेज काही हजारांनी उसळतो. जवळच्या इमारतीचं अर्थिंग त्याच्याबरोबर वर उचललं जातं, लांबच्या इमारतीचं राहतं खालीच. दोन इमारतींना जोडणारी एक तांब्याची तार आपण आपल्या हातानं टाकून ठेवलेली असते. फरक मिटवायला करंटला वाट हवी असते, ती आयती मिळते. नेटवर्कच्या पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते १,५०० व्होल्टपर्यंत आड उभे राहतात. त्यापुढं नाही.

वीज पडली नाही तरी रोजचा त्रास असतोच. दोन इमारतींना दोन मीटर, दोन अर्थिंगचे खड्डे, त्यातला एक उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. दोन्हीकडच्या अर्थमध्ये फरक राहतो. अशा ठिकाणी कुणी महागडी शील्डेड केबल टाकून तिचं आवरण दोन्ही टोकांना अर्थ केलं तर तो फरक त्या आवरणातूनच वाहायला लागतो. पैसे जास्त घालून दुखणं विकत घेतलेलं मी बघितलंय.

म्हणून माझा नियम: एका छपराखाली तांबं, दोन छपरांत काच. काच म्हणजे फायबर. तिच्यातून उजेड जातो, करंट नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगनं काय भांडायचं ते भांडावं.

काचेतून उजेड वाकून कसा जातो, हे विहिरीत पोहलेल्याला सांगायला सोपं. पाण्याखाली डोळे उघडून तिरकं वर बघितलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, बाहेरचं काही दिसत नाही. तिरका उजेड पाण्यातून बाहेर पडू शकत नाही, परत आत वळतो. फायबरमध्ये मधला गाभा एका जातीच्या काचेचा आणि भोवतालची काच किंचित वेगळी, त्यामुळं उजेड आतल्या आतच वळत पुढं जातो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की उजेड झिजतो तो काचेतल्या अशुद्धीमुळं, आणि किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत झीज खाली आणली तर काचेतून टेलिफोन चालवता येईल. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजची साधी सिंगल मोड फायबर १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाला किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल झिजवते. पोत्यांच्या हिशेबात, एक किलोमीटर गेल्यावर शंभरातली ब्याण्णव पोती शाबूत. तांब्यात शंभर मीटरला दीडशेत एक उरत होतं, ते आठवा.

फायबर दोन जातींची, मल्टी मोड आणि सिंगल मोड. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानाच्या एका टोकाकडून दहा जणांचं टोळकं निघालं तर पाळण्यांजवळून एक, भज्यांच्या गाड्यांवरून दुसरा, असं करत पलीकडच्या टोकाला ते विखरून पोहोचतात. तेच टोळकं एका अरुंद बोळातून गेलं तर ज्या क्रमानं शिरलं त्याच क्रमानं बाहेर. मल्टी मोडचा गाभा ५० मायक्रॉन, म्हणजे मैदान. उजेडाला अनेक वाटा, काही अंतरानंतर सिग्नल पसरट होतो, १ गिगाबिटला साधारण ५५० मीटरवर हद्द. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉन, म्हणजे बोळ, आणि साध्या उपकरणांवर १० किलोमीटर. एके काळी सिंगल मोडची उपकरणं फार महाग होती म्हणून लोक मल्टी मोड घ्यायचे. आता तो फरक उरलेला नाही. नवीन काम असेल तर सिंगल मोडच टाका. पिवळी पॅच कॉर्ड सिंगल मोडची, नारिंगी किंवा फिकट निळसर हिरवी मल्टी मोडची, एवढी खूण लक्षात ठेवा. दोन्ही जाती एकमेकींना जोडायच्या नाहीत.

टॉवेल कारखान्यात आम्ही काय केलं ते सांगतो. सहा कोअरची, म्हणजे आत काचेचे सहा धागे असलेली, बाहेर टाकायची आर्मर्ड सिंगल मोड फायबर, १८० मीटर. लागतात दोन कोअर, चार पुढच्यासाठी, कारण मजुरी आणि खड्डा तोच. मीटरमागे हिचा भाव चांगल्या कॅट सिक्सच्या आसपासच असतो, खर्च होतो जोडणीवर. दोन्ही टोकांना पिगटेल, म्हणजे कनेक्टर लावलेले फायबरचे छोटे तुकडे, लावायला स्प्लायसिंग मशिनवाला, म्हणजे काचेला काच वितळवून जोडणारा, बोलवावा लागतो, तो जोडामागं पैसे घेतो आणि तासाभरात काम करून जातो. हे घरी करायचं काम नाही. मग दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे उजेडाचा सिग्नल विजेत आणि विजेचा उजेडात बदलणारे डबे, एक ऑफिसात, एक गोडाऊनमध्ये. त्यांच्या एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला नेहमीच्या नेटवर्क केबलचा आरजे ४५ कनेक्टर. तुमच्या स्विचला एसएफपीची खाच असेल तर कन्व्हर्टरऐवजी त्यात फायबरचं छोटं मॉड्यूल बसतं, आणखी बरं. एकाच कोअरवर येणं-जाणं करणारे कन्व्हर्टरही मिळतात. त्यातला एक १,३१० वर पाठवतो आणि १,५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलट. ते ए आणि बी असे जोडीनं घ्यायचे. दोन्ही ए आणून "फायबर खराब आहे" म्हणणारे लोक मला भेटलेत. आणि "असू द्या जरा दमदार" म्हणून ८० किलोमीटरचं मॉड्यूल दोनशे मीटरला लावू नका, समोरच्या मॉड्यूलचे डोळे दिपतात आणि तो आंधळा होऊ शकतो. आपणही टोकात डोकावून बघायचं नाही. हा उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

केबल जमिनीतून नेली. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, नुसती पुरलेली केबल वर्षानुवर्षं ती ओढत-दाबत राहते. म्हणून एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा पाइप, आत ओढायची नायलॉनची दोरी कायमची ठेवून, आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मीटरचं वेटोळं शिल्लक. गोडाऊनच्या बाजूला घुशींनी भिंतीखाली बिळं केली होती. आर्मर्डचं पोलादी आवरण त्यांच्यासाठीच. पण ते आवरण धातूचं आहे हे विसरायचं नाही. इमारतीत शिरल्यावर ते सोलून मागं ठेवायचं, स्विचला किंवा रॅकला चिकटू द्यायचं नाही. नाहीतर वळिवाला हाकललेली वाट पुन्हा उघडली. दोरी ओढताना गोडाऊनचे वयस्क मुकादम पोराला ओरडत होते, "हळू की बे, काच हाय आत!" काच आहे हे खरं, पण ओढताना सहसा तुटत नाही. ती वाकवताना तुटते. बांगडीएवढा बाक द्यायचा नाही, ताटाएवढा द्यायचा.

सगळं जोडलं आणि लिंक आली नाही.

हिशेबानं यायलाच हवी होती. अशा कन्व्हर्टरांना साधारण १० डेसिबल खर्च करायची मुभा असते. दोनशे मीटर धरले तरी काचेत ०.०७ गेले, दोन स्प्लायसचे मिळून ०.२, दोन कनेक्टरांचे धरा १. सव्वा-दीडच्या आत सगळं. अंतराचा इथं प्रश्नच नव्हता. स्प्लायसिंगवाल्यानं मीटर लावला, गोडाऊनच्या टोकाला उजेड जवळजवळ नाहीच. मग त्यानं कनेक्टर काढून छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला म्हणाला, बघा. गोल पांढऱ्या चकतीच्या मधोमध एक तंतू आडवा पडलेला. रुईचा. टॉवेलच्या गोडाऊनमध्ये हवेत तरंगतच असते ती, कनेक्टर उघडा ठेवून आम्ही जेवायला गेलो होतो. रुईचा तंतू बारीक म्हटला तरी १२ ते २० मायक्रॉनचा, आणि उजेड जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा. एका तंतूनं सगळं दार झाकलं. क्लीनरच्या फितीवर एकदा पुसलं, लावलं, दिवा लागला. ह्या वेळी खरा. टोकावरची टोपी शेवटच्या क्षणाला काढायची, बोट लावायचं नाही, शर्टाला तर अजिबात पुसायचं नाही. आणि निळा कनेक्टर निळ्यात, हिरवा हिरव्यात. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याशी ते नीट टेकत नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूचं काम त्यामानानं किरकोळ. मधे राउटर नसेल, नुसते दोनच कॉम्प्युटर समोरासमोर असतील, तर एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.११ असे पत्ते हातानं द्यायचे, मास्क दोन्हीकडं २५५.२५५.२५५.०. जुनी मंडळी क्रॉस केबलची आठवण काढतात. गिगाबिटच्या पोर्टांना ती लागत नाही, कुठली तार कुठं आहे ते पोर्ट स्वतः ओळखतात. दोन्ही कन्व्हर्टर यूपीएसवर घ्यायला विसरू नका. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि कन्व्हर्टर बंद, अशी गंमत होते.

मधे सार्वजनिक रस्ता असेल तर खोदाईची परवानगी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून घ्यावी लागते. तेवढी दगदग नको असेल आणि दोन्ही गच्च्या एकमेकींना नीट दिसत असतील तर वायरलेसची जोडी लावा. मधे झाड वाढू देऊ नका.

काम संपल्यावर जुनी निळी केबल पत्र्यावरून काढली. ती सीसीए आहे हे मी मालकांना मल्टिमीटरसकट दाखवलं होतं, तरी त्यांना आशा होती. तिचं भेंडोळं त्यांनी भंगारवाल्यासमोर ठेवलं आणि तांब्याचा भाव विचारला. भंगारवाल्यानं टोक दातात धरून साल ओढली, एक तार नखानं खरवडली, भेंडोळं एका हातानं उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"अॅल्युमिनियम आहे मालक," तो म्हणाला, "त्याचा भाव सांगतो."